पैलवान अक्षर

पेंटरची अक्षरं गल्लीत 'पैलवान' म्हणून ओळखली जात. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण चपखल बसलं होतं. काळी, जाडजूड, डोक्यावरची रेघ विटेएवढी रुंद, आणि प्रत्येक उभ्या दांडीच्या तळाशी एक चौकोनी ठोकळा, म्हणजे अक्षर जणू पाय रोवून उभं. नाजूकपणाचं नाव नाही. सेलचे फलक, ट्रकच्या पाठी, 'येथे गाडी लावू नये'च्या भिंती, असल्या कामांना पैलवानाला तोड नव्हती. एकदा दातांच्या एका डॉक्टरांनी हौसेने या पैलवान अक्षरांत पाटी करून घेतली, तर पेशंट दारातूनच परत फिरायला लागले. पेंटरने आपणहून ती पुसून गोलसर अक्षरांत लिहून दिली. कुठे कोणतं अक्षर चालतं हे त्याला पक्कं कळत होतं. म्हणूनच पुढे 'मला काय माहीत' म्हणून हात झटकायची सोय उरली नाही.

त्याच्या ताईचं चौकात बटणं, दोरे आणि लेसचं दुकान होतं. पाटी अर्थात पेंटरची. फुकटात, उरलेल्या रंगात, सवडीने केलेली, फिक्या निळ्यावर पांढरी सडपातळ अक्षरं. "लेसच्या दुकानाला पैलवान कशाला?" असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि ताईला धाकट्या भावाचं सगळंच पटायचं. खरं कारण वेगळं होतं. सडपातळ अक्षर झटपट उरकतं. पैलवानाला रंगाचे दोन हात द्यावे लागतात, एकेक कोपरा पट्टी लावून काढावा लागतो. घरच्या कामाला एवढी कंबर कोण मोडून घेणार?

मग समोरच्या गाळ्यात एक माणूस आला. त्यालाही बटणंच विकायची होती, आणि पाटी पेंटरकडूनच हवी होती. आपण नाही म्हटलं तर तो दुसऱ्या पेंटरकडे जाईल, अशी पेंटरने मनाची समजूत घातली. बरं, ते काम त्याने पाट्या टाकत केलं असतं तरी चाललं असतं. पण छे! हा इरेला पेटला. पिवळ्यावर काळे पैलवान, बसस्टॉपवरून वाचता येतील असे. ताई रस्ता ओलांडून आली, मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "छोट्या, हात काय बसलाय रे तुझा!" तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

गिऱ्हाइकं हळूहळू समोर वळली. ताईने कधी अवाक्षर काढलं नाही. शेवटी एक दिवस तिने सांगितलं, की आता लेकीच्या गावी जायचं, नातीला सांभाळायचं. दुकान कुणी घेतलं की निघायचं.

"'दुकान देणे आहे' असा फलक करून दे."

पेंटरने फलक केला. मळकट पांढऱ्यावर राखाडी, काडीसारखी अक्षरं. दुकान जात नाही तोवर आपल्या हातून काही वाईट घडलेलं नाही, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. फलक टांगलाही छपराच्या सावलीत. दिवस गेले, महिना गेला, कुणी चौकशीला फिरकलं नाही. ताई दुकानात बांधलेल्या बॅगेशेजारी बसून राहायची आणि फोनवर नातीला सांगायची, "येते हं बाळा, येते." ते ऐकलं की पेंटर बिडीच्या निमित्ताने बाहेर सटकायचा.

मग एका जुन्या गिऱ्हाइकाने ताईला विचारलं, "फलक? कुठला फलक?"

ताई तो काखोटीला मारून थेट पेंटरच्या शेडमध्ये आली.

"हा कुणाला दिसावा म्हणून केलास?"

पेंटरची मान खाली गेली. "ताई, तुझं दुकान माझ्यामुळे बसलं. समोरची पाटी..."

"माहितेय मला."

"माहितेय?"

"अरे, दिवसभर तीच तर तोंडासमोर असायची! राग आला होता मला. आठवडाभर बोलले नव्हते तुझ्याशी. तुला पत्तासुद्धा नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? तू तोंड पाडून बसला असतास, आणि तुझी समजूत मलाच काढावी लागली असती. आत्ता तरी वेगळं काय चाललंय? तुझ्या मनाला टोचू नये म्हणून मी इथे अडकून पडायचं होय रे?"

पेंटरने फळी पुसली आणि तिथेच कामाला बसला. लाल पैलवान. दोन हात रंग, कोपरा न् कोपरा पट्टी लावून. ताई स्टुलावर बसून बघत होती. इतकं मन लावून त्याने तिचं काम पहिल्यांदाच केलं, आणि तेही तिचं दुकान मोडायला.

फलक लागला त्याच दुपारी एक नवरा-बायको चौकशीला आले. संध्याकाळपर्यंत बोलणी पक्की झाली. पेंटर बाहेर पायरीवर बसून होता. इतकं सगळं बोलून झालं, पण 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द काही आपल्या तोंडून निघाले नाहीत, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. ते म्हणायला तो उठून आत गेला.

ताई फोनवर होती. "अगं, मिळालं गिऱ्हाईक! रात्रीच्या गाडीनेच निघते!" हसता हसता तिचे डोळे भरून आले होते. फोन ठेवून तिने विचारलं, "काय रे?"

आत्ता म्हटलं, तर ती पुन्हा आपलीच समजूत काढत बसेल.

"काही नाही," पेंटर म्हणाला. "बॅग दे, जड असेल."