इंद्रजीतरावांसाठी आवळासुपारी

मंदाकिनीबाई तशा कुणाचं वाईट चिंतणाऱ्या नव्हेत. पण इंद्रजीतरावांचं नाव निघालं की त्यांच्या डोक्यात एकच विचार यायचा, या माणसाची चारचौघांत जिरवायची. गेलं वर्षभर तो विचार त्यांनी लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत निवृत्त मंडळींचं एक आस्वाद मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी पोहे झाले की क्लबहाउसमध्ये वाइन चाखायची. घोट जिभेवर फिरवायचा, आंबट, तुरट, गोड यांत कोण कुणाच्या डोक्यावर बसलंय ते पाहायचं आणि मत द्यायचं. मत म्हणजे इंद्रजीतराव देतील ते. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले, साहेबपणातून नाही.

मंदाकिनीबाईंना मात्र या चाखण्याचा खराच नाद लागला होता. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण सगळ्या चवी एकमेकींना सांभाळून घेतात तेव्हा गिळलेला घोटही तोंडात कसा रेंगाळतो, हे त्यांना साठीत कळलं. म्हणूनच गेल्या वर्षी एका महागड्या वाइनबद्दल त्या बोलून गेल्या, "पिंपाच्या लाकडाचा वास इतका आहे, की द्राक्ष सापडतच नाही."

"ताई, ही सोलकढी नव्हे," इंद्रजीतराव म्हणाले. "आपण असं करा, न पिणाऱ्यांसाठी सरबत करत जा. ते जमेल आपल्याला."

सगळे हसले. मंदाकिनीबाईंचे यजमान श्रीनिवास, तेही हसले. पुढच्या वेळेपासून कोकम सरबताचा जग खरोखरच मंदाकिनीबाईंच्या हाती आला. त्या निमूट सरबत करत राहिल्या, आणि प्रत्येक पेला भरताना आतून धुमसत राहिल्या.

या रविवारी अवनी नावाची एक मुलगी आली होती. नाशिककडे ती स्वतः वाइन करते, आणि ही तिची पहिलीच. मंडळाला पसंत पडली, तर वार्षिक मेजवानीला तिचीच वाइन ठेवणार होते.

चाखण्याआधी इंद्रजीतराव कुणाला कांदा खाऊ देत नसत, अत्तर लावू देत नसत. पण खाणं झालं की त्यांना स्वतःला तोंडात टाकायला काहीतरी लागायचंच, आणि पुढे आलेल्या डबीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पोह्यांनंतर मंदाकिनीबाईंनी डबी पुढे केली. आवळासुपारी! आवळ्यावर साधं पाणीसुद्धा गोड लागतं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इंद्रजीतरावांनी चांगली चिमूटभर उचलली.

"सरबतापेक्षा हे बरं जमलंय."

"घ्या ना अजून," मंदाकिनीबाई प्रेमाने म्हणाल्या.

सगळ्यांचे ग्लास भरले गेले. इंद्रजीतरावांनी घोट घेतला. मंदाकिनीबाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. इंद्रजीतरावांच्या कपाळाला आठी पडली.

"गोड! अहो, पाक आहे हा. समतोल नावालाही नाही."

अवनीचा चेहरा उतरला. "काका, यात साखर मी उरूच दिली नाहीये."

"आमची जीभ खोटं बोलत नाही."

मग एकेक मान डोलू लागली. गोडच आहे. जरा जास्तच गोड. श्रीनिवासांनी घोट घेतला, इंद्रजीतरावांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाकच."

त्या शब्दाने मंदाकिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाडायचं होतं एकालाच, पण आता एकावर भागणार नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"इंद्रजीतरावांना गोड लागणारच. मी मुद्दाम त्यांना आवळा चारलाय. पण डबी मी दुसऱ्या कुणापुढे धरली नव्हती. तुम्हा सगळ्यांना ही गोड कशी लागली?"

इंद्रजीतराव सुपारी चघळायचे थांबले होते. श्रीनिवास बुटांच्या नाड्या निरखू लागले. मंदाकिनीबाईंच्या काळजाला वर्षभरात पहिल्यांदा थंडावा मिळाला, आणि तो त्यांनी मनसोक्त उपभोगला.

अवनी त्यांच्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"काकू, इथे खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच. तुम्ही सांगा, कशी झालीये माझी वाइन?"

मंदाकिनीबाईंनी हातातल्या ग्लासकडे पाहिलं. तो रिकामा होता. कधी प्यायल्या, चव कशी होती, काही केल्या आठवेना. इंद्रजीतरावांचं तोंड तेवढं आठवत होतं.