एका कॉटसाठी कोल्हापूर, सोबत गुळाची ढेप

गडहिंग्लज ते कोल्हापूर दोन तास. तेजूसाठी हॉस्टेल बघायचं, फॉर्म भरायचा आणि संध्याकाळी परत, इतका साधा बेत. पण ज्या प्रवासात आमचे हे असतात तो साधा राहत नाही. या वेळी तर यांच्या खांद्यावर पाच किलोची गुळाची ढेप होती.

"ही कुणाला?" मी स्टँडवरच विचारलं.

"असू दे. लागंल कुणाला तरी."

मला कळायचं ते कळलं. कळंब्याला वन्सं राहतात, यांची थोरली बहीण. कोल्हापुरात सख्खी आत्या असताना पोरगी हॉस्टेलवर ठेवायची म्हणजे आमच्याकडं त्या आत्याचं नाकच कापलं. म्हणून सगळं ठरेपर्यंत वन्सांना कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. वन्सं वाईट नाहीत हो! पण डी.एड.ची दोन वर्षं मी मामांच्या घरी काढलीत. सकाळी अकरा माणसांची भांडी, मग कॉलेज. चहाबरोबर गुळाचा खडा हवा असला तरी मामीला विचारायचं. मामी कधी नाही म्हणाली नाही, पण विचारावं लागायचं. तेजूच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नव्हतं.

जाणाऱ्यांनी सहाची एसटी पकडावी, सातच्या गाडीत उभं राहावं लागतं. निपाणीत वडा बरा मिळतो, पण तिथं कर्नाटक लागतं, मोबाईल बंद ठेवा, नाहीतर रोमिंग खातं.

कोल्हापुरात उतरल्याबरोबर यांनी रिक्षा वळवली ती थेट स्वतःच्या जुन्या बोर्डिंगकडं. ते बोर्डिंग मुलांचं. मुलांचं! गाडीत चारदा सांगितलं होतं मी.

"अवो, तीन वर्सं ऱ्हायलोय मी हितं," हे तिथल्या रेक्टरना सांगत होते.

"ऱ्हायला असशीला की पावणं. पर पोरगी न्हाय ऱ्हाणार."

तरी यांनी आपली खोली बघितली, मग मोरी, मग गच्ची. पाऊण तास! आम्ही मायलेकी फाटकाबाहेर ढेप राखत उभ्या.

"आई, पप्पांना हॉस्टेल मिळालं वाटतं," तेजू म्हणाली.

मग राजारामपुरीत कॉट बेसिसवरच्या खोल्या. महिन्याला सातशे, जेवण वेगळं. पाटी बघून आत शिरणाऱ्यांनी आधी नळ सोडून बघावा. आम्ही सोडला, तर नुसती हवा.

"येतंय की पाणी, एक दिवसाआड," मालकीणबाई म्हणाल्या. "पोरींनी केसं धुवायची न्हाईत, एवढंच." तेजूची वेणी कमरेपर्यंत. उठलो.

मिसळ खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण डोकं काही थंड झालं नाही.

तिसरं हॉस्टेल मात्र मुलींचं, कॉलेजपासून चालत पाच मिनिटं, मोरीत भरपूर पाणी. एकच कॉट शिल्लक होती. तेजू तिच्यावर जाऊन बसली ती उठेचना. मला मेलं उगीच भरून आलं.

"स्थानिक पालकाची सही आणा," इथल्या रेक्टरबाईंनी फॉर्म पुढं केला. "कोल्हापुरात राहणारं जवळचं माणूस. पाचच्या आत. आणखी दोघी थांबल्यात."

हे माझ्याकडं बघायला लागले, मी ढेपेकडं. साडेतीन वाजले होते.

कळंब्याला जाऊन-येऊन रिक्षा ठरवली आणि दारातच उभी ठेवली.

"हास्टेल?" वन्सं कडाडल्या. "मी काय मेलो व्हय रं बाळू? दोन खोल्या मोकळ्या पडल्यात, आन् माझी भाची भाड्याच्या कॉटवर?"

यांनी निमूट ढेप पुढं केली. तिच्याकडं वन्सांनी बघितलंसुद्धा नाही. "आदी जेवा," म्हणाल्या आणि पीठ मळायला बसल्या. चार वाजून दहा मिनिटांनी! भाकरी थापायचा आवाज सगळा आमच्यासाठीच होता. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. शेवटी मीच आत गेले.

"वन्सं, तुमच्यावर राग नाही. मामांच्या घरी मी गुळाचा खडासुद्धा विचारून खाल्लाय. पोरीला तसं नको."

भाकरी करपली तरी वन्सं उलटेनात.

"मीबी लग्नापत्तोर चुलत्याकडंच हुतो," एवढंच बोलल्या. मग म्हणाल्या, "कुठं हाय कागद?"

पिठाच्या हातानंच सही केली. मग वरवंट्यानं ढेप फोडली आणि निम्मा गूळ तेजूच्या पिशवीत घातला.

"कॉटखाली ठेव. भूक लागली की खायाचा. कुणाला इचारायचं न्हाय. आन् रविवारी आली न्हाईस तर तंगडं मोडीन!"

पाचला सात कमी असताना फॉर्म दिला. रेक्टरबाईंनी पीठ झटकलं आणि शिक्का मारला.

तर मुलीला कोल्हापुरात ठेवणाऱ्यांनो, नातेवाइकांना लपवू नका, सही त्यांचीच लागते. आणि नवऱ्याला त्याच्या बोर्डिंगच्या रस्त्यानं नेऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चहा ठेवला. डब्यातून गुळाचा खडा काढला आणि सवयीनं दाराकडं बघितलं, कुणी बघतंय का. लग्नाला वीस वर्षं झाली, घर माझं, डबा माझा. दारात कुणी नव्हतं. मग मी आणखी एक खडा घेतला.