बाजेखालची शेगडी

छबूबाईंनी मनकर्णेला पहिल्यांदा पाहिलं ते पाथर्डीला, एका लग्नघरी, ऐन वैशाखात. परसात ताक घुसळून झालं होतं आणि बायका लोणी काढायला बसल्या होत्या. पण उन्हाच्या तावानं लोणी असं पातळ झालेलं, की बोटांना चिकटे, गोळा काही होईना. तेवढ्यात त्या घरातली एक सडपातळ पोरगी पुढं झाली. तिनं डेऱ्यात हात घातला, हलकेच फिरवला आणि लोण्याचा गोळा अलगद वर आणला. कुणीतरी म्हणालं, हिचा हातच गार आहे, जन्मापासून. छबूबाईंनी तो हात आपल्या हातात घेऊन पाहिला. माठातून आत्ताच बाहेर काढल्यासारखा होता. सोनईला परतताना एसटीतच त्यांनी मुलाला, गोरक्षला, सांगून टाकलं की सून ठरली.

छबूबाईंचं सगळं असंच. एकदा मनानं घेतलं की मागं बघायचं नाही. आणि या बाबतीत त्यांचं काही चुकलंही नव्हतं. चैत्र लागला की आळीतल्या बायका लोणी काढायला मनकर्णेला बोलवायला येत. छबूबाई तिला अशा ऐटीत पाठवीत, की जणू स्वतःचाच हात उसना देताहेत.

मनकर्णेचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसरं सत्तरच्या दिवाळीत, सोनईला. दुसरीही मुलगीच. रीतीप्रमाणे बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवली, दार लोटून घेतलं. सव्वा महिना झाला की शेगडी उचलायची असते. पण मनकर्णा ती उचलू देईना. पौष गेला, माघ गेला, तरी ती खोलीचं दार लावून, अंगावर घोंगडी घेऊन बाजेवर पडलेली. शेजारच्या बनुबाईंनी एकदा भिंतीवरून विचारलंच, "छबूबाई, सुनंचं बाळंतपण औंदा उरकायचं का पुढल्या साली?"

छबूबाईंनी तेव्हाच्या तेव्हा उत्तर दिलं, पण ते बोलणं त्यांना लागलं. मनकर्णा पहिल्यासारखी राहिली नव्हती हे त्यांनाही दिसत होतं. बोलणं संथ झालेलं, आवाज घोगरा. सकाळी तोंड सुजल्यासारखं दिसे. कधी चुलीपुढं बसलीच, तर भाकरी थापता थापता तिचे डोळे मिटत. पण अंग गार आहे, याचं छबूबाईंना नवल वाटलं नाही. हात जन्माचे गार, तोच गारवा आता जरा पसरला असेल, असा त्यांनी हिशेब केला. डिंकाचे लाडू झाले, मेथी झाली, तिळाची चटणी झाली. मनकर्णा निमूटपणे खाई आणि पुन्हा घोंगडीत शिरे.

गोरक्ष वाईट नव्हता, कंटाळला होता. एका संध्याकाळी तो आईला म्हणाला, "पाडव्याला तिला पाथर्डीला नेऊन सोडतो. पोरी बी जातील तिच्यासंगं. काम न्हाई, बोलनं न्हाई, असं किती दिस चालायचं?" कायमची का, हे छबूबाईंनी विचारलं नाही. त्याच्या तोंडावरून त्यांना ते कळलं.

शिमगा होऊन गेल्यावर एका दुपारी त्या तान्हीला शेजारी झोळीत घालून अंगणात वाळवण राखत बसल्या होत्या. घरातून जळकट वास आला. त्या आत धावल्या. घोंगडीचं टोक शेगडीत लोंबून धुमसत होतं आणि वर मनकर्णा शांत झोपलेली. छबूबाईंनी घोंगडी ओढून पायाखाली विझवली, दार सताड उघडलं, सुनेला हलवलं. तिनं डोळे उघडले आणि परत मिटले. छबूबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. बाहेर फाल्गुनाचं ऊन तापलेलं, खाली निखारे, आणि पोट गार. हात गार असतो हे त्यांना माहीत होतं. गार पोट त्यांनी जिवंत माणसाचं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी गोरक्षला बैल जुंपायला लावले.

दवाखान्यात राधाकृष्ण कंपाउंडरनं मनकर्णेच्या काखेत थर्मामीटर लावलं. पारा तळाच्या रेघेवरून हलेना. त्यानं झटकून पुन्हा लावलं, मग उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "बिघडलं वाटतं, मावशी."

"आन इकडं. मला लाव."

छबूबाईंच्या काखेत पारा जिथं चढायला हवा तिथं बरोबर चढला. त्या म्हणाल्या, "तुझं यंत्र बरं हाय. माझी सून बरी न्हाई. बाईंना बोलाव."

डॉक्टरीणबाईंनी मनकर्णेचा गळा चाचपला. झोप, केस, पोट साफ होतं का, सगळं विचारलं. गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली; पाय उडाला, पण आळसावून सावकाश मागं आला. मग त्यांनी समजावलं. गळ्यात एक ग्रंथी असते, ती अंगाची चूल पेटती ठेवते. हिची चूल मंदावली आहे. बाळंतपणानंतर काही जणींचं असं होतं. हात गार असणं हा एकेकीचा पिंड असतो. सगळं अंग गार पडणं हे दुखणं. यात आळसाचा काही संबंध नाही, हे वाक्य त्या गोरक्षकडे बघून म्हणाल्या. नगरला दाखल करावं लागेल, रक्त तपासावं लागेल, आणि मग रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, बरं वाटलं तरी न सोडता.

छबूबाईंनी शेवटी मनातलं विचारलं. "गोळीनं हिचे हात तापले तर लोनी कसं निघायचं?"

बाईंना हसू आलं. "सून पाहिजे का लोणी?"

"दोन्ही."

"आधी सून नीट करू."

नगरहून मनकर्णा घरी आली तेव्हा शेगडी उचलली गेली होती. बंद खोलीत कोळसा नको, शेक कुणी जवळ बसून असेल तरच, आणि एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ बरी, असं बाईंनी बजावलं होतं. छबूबाईंनी ते घरात कायदा केल्यासारखं राबवलं. गोळी हळूहळू वाढवायची होती, गुणही हळूहळूच आला. आधी आवाज सुटला, मग तोंडावरची सूज उतरली. भाद्रपदात ती बनुबाईंशी भिंतीवरून भांडली, तेव्हा छबूबाई आत बसून समाधानानं ऐकत होत्या. पाडव्याचं बोलणं गोरक्षनं पुन्हा काढलं नाही. बैलपोळ्याला मात्र त्यानं स्वतः जाऊन बायकोसाठी गोळ्या आणल्या.

पुढच्या चैत्रात डेरा घुसळून झाला. मनकर्णेनं आत हात घातला, फिरवला. लोणी बोटांना चिकटून राहिलं. ती सासूकडे बघत म्हणाली, "आत्याबाई, गेला की हो हात."

छबूबाई उठल्या. माठातलं पाणी तांब्यात आणलं आणि तिच्या मनगटांवर धरलं. "बाकीच्या बायका अशाच काढतात. तू काय आभाळातनं पडलीस व्हय?"

त्याला आता काही वर्षं झाली. मनकर्णा दोन्ही मुलींना शाळेत पोचवून शेतावर जाते. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी गोळी घेते. आणि ताकाच्या दिवशी डेऱ्याशेजारी गार पाण्याचं पातेलं घेऊन बसते.