बाईंच्या नावाने काम करणारा रोबो

सोमवारी महाविद्यालयाच्या सचिवांनी तक्रार दिली. मंगळवारी आम्ही प्रवेश विभागातील लिपिक बाईंना पोलीस ठाण्यात बोलावले. बुधवारी सत्य बाहेर आले. जबाबदार तिघे: सचिव, यंत्र निवडणारी त्यांची समिती आणि घाईने मत बनवणारा तपास अधिकारी, म्हणजे मी. डोंबिवलीतले ते तीन दिवस निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाहीत.

आरोप असा की, बाईंनी काही अर्जांवर ‘दाखला नाही’ अशी खोटी नोंद करून मुलांना प्रवेशयादीतून वगळले. संगणकात प्रत्येक नोंदीपुढे बाईंचेच नाव होते. सचिवांना अटक हवी होती.

“साहेब, या नोंदी झाल्या त्या दिवशी मी मोहने गावात भाचीच्या हळदीत होते,” बाई म्हणाल्या. हजेरीपत्रकात रजा होती.

“घरूनही करता येतं,” मी म्हणालो.

तेव्हा आमच्या महिला हवालदारांनी शांतपणे विचारले, “ताई, तुमचा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे?”

“कोणाला नाही ते विचारा. चिठ्ठी पडद्यालाच चिकटवलीय. शिपाई माझ्याच नावाने संगणकावर पत्ते खेळतो.”

त्या वर्षी महाविद्यालयाने अर्ज वाचून आपोआप नोंदी करणारा संगणकीय रोबो घेतला होता. तो बसवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याला जबाबासाठी बोलावले. त्याने जुने ई-मेल उघडून समोर ठेवले.

“सर, आम्ही रोबोसाठी वेगळं लॉगिन मागितलेलं. सचिव म्हणाले, कशाला वाढवताय, बाईंचंच टाका, त्या कधी चुकत नाहीत.”

आडवा स्कॅन केलेला दाखला रोबोला वाचता येत नव्हता. तो ‘नाही’ लिहून पुढे जाई. नोकरीची पर्वा न करता अभियंत्याने सचिवांच्या ई-मेलसह लेखी जबाब दिला. बाईंची चौकशी त्याच दुपारी थांबली आणि वगळलेले अर्ज पुन्हा तपासले गेले.

रोबोच्या निवडीची कागदपत्रे मी नंतर वाचली आणि संतापलो. दुसऱ्या एका कंपनीने महिनाभर बाईंशेजारी बसून जुन्या अर्जांवर चाचणी घेऊ द्या, असे सुचवले होते. त्यावर शेरा होता: ‘विलंबकारी’. समितीने तासाभराचे प्रात्यक्षिक पाहिले, तेही स्वच्छ, सरळ स्कॅन केलेल्या अर्जांवर. मुलांचे दाखले कसे चुरगळलेले, उलटेसुलटे येतात हे जाणणाऱ्या बाईंना त्या बैठकीचे निमंत्रणच नव्हते.

यंत्र कोणाकडून घ्यावे हे ठरवताना, ते चुकल्यावर उत्तर कोण देणार, हे आधी लिहून घ्यावे. हे मला त्या हवालदार बाईंच्या एका प्रश्नाने आणि त्या अभियंत्याच्या सहीने शिकवले. त्यांच्यामुळे एक निरपराध स्त्री माझ्या हातून कोठडीत गेली नाही. हे ऋण मी आयुष्यभर मानीन.

मी बाईंची माफी त्यांच्या घरी जाऊन मागितली. सचिव महोदय, आपण आरोप सर्वांसमक्ष केला होता. खुलासा आजवर झालेला नाही. रोबोला बाईंचे नाव देण्याचा अधिकार आपणास कोणी दिला, याचे उत्तर महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर, आपल्या सहीनिशी द्यावे.