शेततळ्यातली रिले

आंतरराष्ट्रीय तलाव असो की आमच्या केनवडच्या शिवारातलं शेततळं, पाणी सारखंच ओलं असतं, असं आमच्या आबांचं ठाम मत आहे. त्यामुळे जे तिथे होतं ते इथेही व्हायला हरकत नाही, असंही त्यांचं एक मत होतं. हे दुसरं मत त्यांनी आता मागे घेतलंय. कारण मी.

धोंड्याचा महिना चालू होता. धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे धनजचे जावई, मानाचं जेवायला आले होते. जेवणं उरकून आम्ही चौघे पुरुष (माझे वडील म्हणजे आबा, मोठा भाऊ विठ्ठल, जावई आणि मी) ओसरीवर आडवे झालो होतो. माझी मुलगी पूर्वा मोबाईलवर पोहण्याची जागतिक स्पर्धा बघत होती. पुरुषांची फ्रीस्टाइल रिले. एकेका देशाचे चार चार गडी. एकाने पलीकडे जाऊन यायचं, भिंतीला हात लावायचा, की दुसऱ्याने त्याच्या डोक्यावरून उडी घ्यायची. पाणी तर असलं निळं, की पुरणाच्या गुंगीत मला वाटायला लागलं, तो तिसऱ्या पट्ट्यातला आहे ना, तो मीच.

"चार मानसं कायले लागतात?" आबांनी विचारलं. "एकाले जमत नाई काय?"

या प्रश्नात खरी मेख होती. पूर्वा सतरा वर्षांची. सुट्ट्यांत वाशीमला मावशीकडे राहून तलावावर शिकली आणि अशी शिकली, की पुण्याच्या एका सराव केंद्रात तिची निवड झाली. तिथे हॉस्टेलला राहायचं. फॉर्म आठ दिवसांपासून देव्हाऱ्याशेजारी पडून होता, कारण आबांचा होकार नव्हता, आणि आबांच्या होकाराशिवाय आमच्याकडे शेळीसुद्धा विकली जात नाही. पोहणं ही शिकवण्याची गोष्टच नाही, असं त्यांचं म्हणणं. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी विहिरीत ढकललं आणि प्रत्येकजण पोहत वर आला. मग पुण्याचं काय काम?

माझं म्हणणं मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला ती जायला नको होती. सकाळी माझ्या चहातली साखर मोजणारं, माझा चष्मा शोधून देणारं घरात दुसरं कोणी नाही. पण बापाने असलं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मी आबांच्या आड लपलो होतो.

पूर्वाने मोबाईल बंद केला. "आबा, तुमी चौघं, मी एकटी. तुमी एकेक चक्कर मारा, मी चार मारतो. तुमी जितले तं फॉर्म फाडून टाकतो."

आबा उठून बसले. (पुरणानंतर आबांना इतक्या चपळाईने उठलेलं घरात कोणीही पाहिलेलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं खटलं शेततळ्यावर. आमचं तळं चांगलं मोठं आहे, तळापासून काठापर्यंत प्लास्टिकची काळी पन्नी अंथरलेली. पन्नी अशी गुळगुळीत, की पाण्यात पडलेला माणूस दोर धरल्याशिवाय वर येऊच शकत नाही. म्हणून चारही बाजूंना दोर बांधलेले. पलीकडच्या दोराला विठ्ठलभाऊने एक लाल गोल कॅन अडकवली. तिला हात लावायचा, परत यायचं, अलीकडचा दोर धरायचा, मग पुढच्याने उडी मारायची. पंच म्हणून आई. हातात स्टीलचं ताट आणि उलथनं. ज्याचा हात दोराला लागेल त्याच्यासाठी ताट वाजवायचं.

पहिल्यांदा कोण, यावर अर्धा तास गेला. मानाप्रमाणे पहिली उडी जावयाची. पण जावयांनी चहाबरोबर मानाचे अनारसे सगळेच्या सगळे संपवले होते. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. एका बैठकीत खायचे नसतात, हे त्यांना आमच्यापैकी कोणी कधी सांगू शकलेलं नाही. शेवटी आबांनी तोड काढली. गार पाण्यात जावयाला आधी कसं पाठवावं, म्हणून विठ्ठलने पाणी पाहून यावं.

विठ्ठलभाऊ म्हशीसारखा पोहतो. मान वर, मिशी कोरडी, घाई नाही आणि थांबणं नाही. पूर्वाच्या हातभर पुढेच तो परतला. ताट वाजलं. आबांनी मिशीला पीळ दिला.

मग जावई उतरले. मध्यापर्यंत छान गेले. तिथे त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते पाठीवर वळले, पोट आभाळाकडे केलं आणि तरंगत राहिले. ढग पाहत! पूर्वा बाजूने गेली, परत आली. पण जावयाला ओरडायचं कोणी? आबा काठावरून एवढंच म्हणाले, "सावकाश या, जवाईबापू. घाई नाई." हे म्हणताना त्यांनी हातातला टॉवेल पिळला. तो कोरडा होता.

जावई दोराला टेकले तेव्हा पूर्वाची तिसरी चक्कर अर्धी होत आली होती. पण तिचे हात जड पडत होते. दोन ताज्या दमाचे गडी आमच्याकडे बाकी होते, मी आणि आबा. म्हणजे शर्यत अजून हातात होती, आणि पोरगी घरी राहणार की जाणार, हे माझ्यावर येऊन ठेपलं होतं. मी उडी मारली. पोटावर पडलो. आवाज आईच्या ताटापेक्षा मोठा झाला.

आता, विहिरीत आम्ही मान वर ठेवूनच पोहायचो. पण मोबाईलवर मी नीट पाहिलं होतं. ते आंतरराष्ट्रीय लोक तोंड पाण्यात घालतात. मीही घातलं. डोळ्यांत पाणी झोंबलं, म्हणून डोळे मिटले. आणि काय सांगू, जग बदललं. सगळा गलका लांब गेला. पाणी निळं झालं. (ते हिरवट आहे, पण मिटल्या डोळ्यांना निळंच दिसलं.) हजारो लोक उभे राहिलेत, कोणीतरी माझं नाव गावासकट पुकारतंय. आणि मधेच पूर्वा पाच वर्षांची झाली, माझ्या पाठीवर, गळ्याला घट्ट मिठी मारून. पप्पा, बुडवू नका, म्हणत होती. मला वाटलं, ही शर्यत संपूच नये.

तेवढ्यात हाताला काहीतरी गोल, टणक लागलं. कॅन! चांगली सणसणीत थाप मारली, झोकात वळलो आणि परतीला लागलो. पुन्हा तेच निळं, तीच मिठी. शेवटी दोर हाताला लागला. मी डोळे उघडले आणि पदक मिळाल्यासारखे दोन्ही हात वर केले.

ताट वाजलं नाही.

आबा लंगोट लावून काठावर उभे होते. उडी मारायला तयार, पण मारत नव्हते.

"आबा, उडी मारा ना!"

"कायले? तू गेला कोठी होता?"

मी वळून पाहिलं. लाल कॅन लांब पलीकडे होती आणि तिला धरून पूर्वा इतकी हसत होती, की तिची चौथी चक्कर तिथेच अडकली होती. अलीकडे, माझ्या शेजारी, जावई होते. पन्नीवरून चढता येईना म्हणून ते दोर धरून पाण्यातच थांबले होते. त्यांचं पोट एका जागी लाल झालं होतं. धोंड्याच्या महिन्यात! माझी बहीण त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

मी गोल फिरलो होतो. एकदा नव्हे, दोनदा. लहानपणापासून विहिरीत पोहलेलं अंग. डोळे मिटले की ते आपलं आपण वळतं, कारण विहिरीत सरळ गेलं तर डोकं कपारीवर आपटतं. आई एवढंच म्हणाली, "आपल्या इहिरीएवढाच गोल मारला यानं. बोटाचा फरक नाई."

पूर्वा परत आली. दोर धरून, धापा टाकत आबांकडे बघत राहिली.  आबांनी काठावरचं धोतर उचललं.

"फॉर्म आन, पोरी."

"आबा, तुमची चक्कर बाकी हाय अजून."

"राहू दे. इहिरीत शिकलेला मानूस कुठवर जाते, थे पाह्यलं म्या."

पूर्वा गेली. घर सुनं झालं; चहा गोड झाला, चष्मा सापडेना. परवा तिचा फोन आला. शेततळ्यातली रिले अख्ख्या हॉस्टेलला माहीत झालीय म्हणे. मी माझी बाजू मांडली, की जागतिक स्पर्धेतले लोकही शेवटी जिथून सुटतात तिथेच येतात.

"हो पप्पा," ती म्हणाली, "पन मधात एकडाव पल्याड जाऊन येतात."

म्हणून आता दर रविवारी मी डोळे मिटून सराव करतो. आबा काठावर बसतात, आई ताट घेऊन येते. अजून एकदाही वाजलेलं नाही. पण प्रगती आहे. आबांच्या म्हणण्याप्रमाणे, गोल जरा मोठा झालाय.