दांडी बादलची, बटणं श्रावणची

माझा भाऊ श्रावण सत्तेचाळीस वर्षांचा आहे अन् त्यानं घरात व्हिडिओ गेमची पेटी बनवली. हासा, हासून घ्या. मी पण हासली होती. हासली काय, चांगली भांडली होती. आमच्या दिग्रसात कोणाच्या विहिरीवरची मोटार जळाली का लोकं आधी श्रावणकडे धावते. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, मोटार पुन्हा सुरू करून द्याची, हा त्याचा धंदा. कापसाच्या जिनिंगवाले त्याले घरून उचलून नेते. अन् असा नावाजलेला माणूस चार महिने प्लायवूड कापत बसला, तेही गेम खेळाले!

मी पंचफुला. त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. त्याच गल्लीत चार घरं सोडून राहते. दोन टाइमचा डबा मीच नेऊन देते, कारण मैत्रेयी, म्हणजे माझी भावजय, दोन वर्षांआधी तापानं गेली. लेकरू-बाळ काही झालं नव्हतं. ती गेली तवापासून श्रावणचं बोलणं म्हणजे 'हो बाई', 'नाही बाई', 'ठेव तिथं'. संपलं. माणूस दुकानात जाते, घरी येते, टीव्ही लावते अन् पाहत नाही. मी डबा ठेवला तरी त्याची मान वर होत नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस डबा घेऊन गेली तं मैत्रेयीची शिलाई मशीन कोपऱ्यातून सरकवून पलंगाखाली घातलेली, अन् तिच्या जागेवर अठरा एमएमच्या प्लायवूडच्या तीन पाट्या उभ्या.

"हे काय रे? कपाट करतं का?"

"नाही बाई. गेमची मशीन. बसस्टँडवर होती ना, तशी."

"अरे बापा! डोकं फिरलं का तुझं? पन्नाशीले टेकला अन् गेम? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं कुठं येते माह्या घरी," असं म्हणून तो पेन्सिल कानाले खोसून माप घ्याले लागला.

खरंच, कोणी येत नव्हतं. मी चूप बसली. मले चूप बसवणं सोपं नाही, गल्लीत कोणालेही विचारा.

बसस्टँडवरची ती मशीन मले चांगली आठवते. श्रावण नववीत होता. एका माणसानं टिनाच्या टपरीत एकच मशीन ठेवली होती, अन् तिच्यापुढे अख्ख्या गावाचे पोट्टे. विमानाचा गेम होता. डाव्या बाजूले एक दांडी, तिनं विमान इकडे-तिकडे न्यायचं. उजव्या बाजूले दोन बटणं, ती दाबली का गोळ्या सुटते. एक रुपया टाकला का एकच डाव. अन् श्रावणजवळ कधी अख्खा रुपया राहत नसे, ना बादलजवळ.

बादल म्हणजे बादल राठोड. आमच्या गावाबाहेरच्या तांड्यावरचा. श्रावणच्याच वर्गात होता. सकाळी पायी शाळेत ये अन् दुपारची भाकर आमच्याच घरी खाय. आल्याबरोबर दारातून 'जय भीम बाई' म्हणे, अन् गेलाच तांड्यावर तं श्रावण तिथं 'राम राम' करे. दोघं आठ-आठ आणे काढत अन् एका रुपयात दोघं खेळत. दांडी बादलची, बटणं श्रावणची. हे त्यांचं ठरलेलं होतं, कधी बदललं नाही. आई मले पाठवे, जा त्या दोघांचे कान धरून आण. मी जाय तं हे दोघं खांद्याले खांदा लावून उभे. बादलचा एक हात दांडीवर, श्रावणचा एक हात बटणांवर, अन् उरलेला एकेक हात एकमेकांच्या गळ्यात. डाव संपल्याशिवाय मी पण कान धरत नव्हती. खोटं कायले बोलू, मले पण विमान पडू नये असं वाटे.

तर ते प्लायवूड. रोज डबा घेऊन गेली का काहीतरी नवं झालेलं राहे. भंगारवाल्याकडून जुना कम्प्युटरचा पडदा आणला. एक हिरवी पट्टी कुरिअरनं मागवली, हाताच्या पंजाएवढी, अन् म्हणे हिच्यात शेकडो गेम आहे. लाल सनमायका चिकटवली. जुन्या टीव्हीतले स्पीकर काढून वर बसवले. त्याचा हात तारेतला, त्यामुळे आतली जोडणी पाहून कोणी म्हणणार नाही घरच्या घरी केली म्हणून. नाकापेक्षा मोती जड, खोलीपेक्षा पेटीच मोठी, असं मी तोंडानं म्हणत होती, पण मनातून मले बरं वाटत होतं. काहून, तं तो बोलाले लागला होता. "बाई, हे भोक पाह्य, बटण कसं फिट बसलं." "बाई, वांग्याची भाजी आज मस्त झाली." दीड वर्षानंतर त्यानं माह्या भाजीचं नाव काढलं! घरी जाऊन मी रडली, तुमच्यापासून काय लपवू.

मंग एक दिवस म्हणे, "बाई, इथं उभी राह्य जराशी."

मी पाट्यांपुढे उभी राहिली. तो माह्या उजव्या बाजूले उभा राहिला अन् टेप लावून पाहाले लागला. "डावीकडे सरक. अजून थोडी. बादल आता जाडा झाला असन."

बादलचं नाव काढलं अन् मी उगाच पदर सारखा करत राह्यली. टेप त्याच्या हातात होता म्हणून त्यानं माह्या तोंडाकडे पाहिलं नाही, नाही तं त्याच दिवशी पकडली गेली असती.

आता ती गोठ सांगूनच टाकते. पोटात ठेवून ठेवून पोट दुखाले लागलं.

बादल बारावीनंतर वणीले गेला, कोळशाच्या खाणीत डंपर चालवते. लग्न झालं, तिकडेच राह्यला. पण दिवाळीले तांड्यावर आला का आमच्याकडे येणार म्हणजे येणार. मैत्रेयी गेली तेव्हा तो मातीले आला नाही. पुण्यानुमोदनाले पण नाही. सगळं गाव आलं अन् हा नाही. मले इतका राग आलता का सांगू नका. अन् सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, नवव्या दिवशी दुपारी दारात उभा! "जय भीम बाई," म्हणे, "मले कालच कळलं." श्रावण आत तापानं फणफणून झोपला होता. माझी जीभ, मेली, कधी माझं ऐकते? मी म्हणाली, "मातीले आला नाहीस अन् आता तोंड दाखवाले आला? जा. त्याले तुझं तोंड पाहाचं नाही." श्रावण असं काही बोलला नव्हता. तो तं झोपेत होता. मी आपल्या मनानं त्याच्या तोंडी घातलं. बादलनं काढलेली चप्पल पुन्हा घातली अन् तो गेला. मी श्रावणले सांगितलंच नाही का तो आलता.

पहिले वाटलं राग उतरला का सांगीन. मंग वाटलं बादल स्वतः फोन करीन. मंग इतके दिवस गेले का सांगाचीच लाज वाटाले लागली.

पेटी तयार झाली एका रविवारी सकाळी. श्रावणनं आंघोळ करून नवा शर्ट घातला. जुना मोठा रुपया टाकला का सुरू होईन अशी फट पण बनवली होती. पडदा उजळला, बाजा वाजला, विमान आलं. मी टाळ्या वाजवल्या. अन् श्रावण खेळाले उभा राहिला.

मंग कळलं घोडं कुठं पेंड खाते.

दांडी अन् बटणं यांच्यात साडेतीन फुटांचं अंतर. डावा हात दांडीवर ठेवला का उजवा बटणापर्यंत न्याले त्याले दोन्ही हात फाकवावे लागे, अन् हात फाकवले का नाक काचेले लागे. त्यात डाव्या हाताले काहीच समजत नव्हतं. आयुष्यात त्यानं दांडी धरलीच नव्हती! विमान आलं अन् सरळ डोंगरावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं. मी पोट धरून हासली. "अरे येड्या, मोटारीची तार सुता-सुतानं मोजतं अन् हे असं कसं केलं?"

तो हासला नाही. पेटीकडे पाहत म्हणाला, "मी दोघांचंच माप घेतलं, बाई. एकट्याचं माप घ्याचं सुचलंच नाही."

"मंग त्यात काय? पाटी काप, दांडी जवळ आण. एका दिवसाचं काम."

"जवळ आणली तं मी एकटाच खेळीन ना," तो म्हणाला. मंग बटणांवर हात ठेवून हळूच म्हणाला, "मैत्रेयी गेली तरी बादलनं एक शब्द नाही विचारला, बाई. माहंच काही चुकलं असन. मी फोन कसा करू? चूक कोणती तेच माहीत नाही."

मी डबा तिथंच ठेवून घरी आली. भिंतीले टेकून बसली. माह्या चुकीसाठी माझा भाऊ दोन वर्षं स्वतःले दोष देऊन राह्यला, अन् मी त्याले वांग्याची भाजी खाऊ घालून पुण्य कमावून राह्यली होती. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेली, बादलच्या काकूकडून, तुळसाबाईकडून, नंबर घेतला अन् तिथूनच फोन लावला. मागं गाड्यांचा आवाज होता.

"बाई? काय झालं? श्रावण बरा आहे ना?" पहिला शब्द त्याचा हाच.

मी सगळं सांगितलं. "त्यानं तसं म्हटलंच नव्हतं, बादल. तो झोपला होता. मी खोटं बोलली."

गाड्यांचा आवाज जरा दूर गेला. मंग म्हणाला, "दोन वर्षं मी ते घेऊन फिरून राह्यलो, बाई."

"येशीन का रे? तुह्यासाठी त्यानं दांडी लावली आहे."

"पाहतो," म्हणाला अन् फोन ठेवला.

त्याले दोष नाही देत. दारातून हाकललेला माणूस एका फोननं कसा येईन? पण मी आस लावली. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. वणीची गाडी येण्याच्या वेळेले मी काहीतरी निमित्त काढून स्टँडवर जाऊन येत होती. तो उतरला नाही. अन् इकडे श्रावणनं पेटीवर चादर टाकली अन् पुन्हा 'ठेव तिथं' सुरू केलं. मले ते सहन झालं नाही. तिसऱ्या रविवारी डबा ठेवता ठेवता मी उभ्यानंच बोलून टाकलं. बादल आलता. नवव्या दिवशी आलता. मी परत पाठवला. तुह्या नावानं पाठवला.

मले वाटलं ओरडीन. ओरडला असता तं बरं झालं असतं. त्यानं डब्याचं झाकण लावलं, डबा माह्या हातात दिला अन् दार लोटून घेतलं.

बारा दिवस. बारा दिवस मी डबा त्याच्या दाराच्या कडीले अडकवला अन् बाराही दिवस तो तसाच भरलेला परत आणला. गल्लीतल्या बाया विचारे, काय वं पंचफुले, भांडण झालं का? मी, जी कोणाचं ऐकून घेत नाही, ती मान खाली घालून पुढे जाय. ज्याले मी कडेवर घेऊन वाढवलं त्याच्या दारात मी परक्यासारखी उभी राहत होती, अन् ते बरोबरच होतं.

तेराव्या दिवशी संध्याकाळी तो माह्या दारात आला. "चाल, बाई."

घरी नेलं. पेटीवरची चादर काढली. रुपया टाकला. मले डाव्या बाजूले उभं केलं, जिथं त्यानं माप घेताना केलं होतं, अन् म्हणाला, "दांडी धर."

"मले नाही येत रे."

"येईन. त्याले तू परत पाठवलं ना? मंग तो येईपर्यंत तू धर."

मी धरली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं विमान धरलं, विचार करा. ते लगेच डोंगरावर आपटलं. त्यानं पुन्हा रुपया टाकला.

आता रोज सहा वाजता मी जाते. डबा तो खाते. बादलचा फोन दोनदा आलता, श्रावणलेच. थोडंसंच बोलले, पाऊस-पाण्याचं. येईन म्हणते, तारीख सांगत नाही. मी विमान तिसऱ्या डोंगरापर्यंत नेते आता. श्रावण बटणं दाबते अन् मले रस्ता सांगते. माहं सगळं ध्यान पडद्यावर असते, पण एक गोष्ट दिसल्याशिवाय राहत नाही. त्याचा उजवा हात बटणांवर असते, अन् डावा, जो बादलच्या गळ्यात राहे, तो नुसता खाली लोंबत राहते. माह्या खांद्यावर तो कधी ठेवत नाही. मीही ठेव म्हणत नाही, ती जागा माही नाही.

"डावीकडे, बाई," तो म्हणते. मी डावीकडे घेते.