इनानाचे सात दरवाजे आणि माझी आई

अबू धाबीच्या प्रदर्शनात प्राचीन इराकमधली सुमेरियन देवी इनाना बघायची टूम माधुरीताईंची. शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपच्या त्या सर्वेसर्वा. संक्रांतीची सहल म्हणून मिनीबस ठरली. साताऱ्याहून आलेली माझी आई आणि लेक इरा, दोघींनाही घेतलं. शारजाहून जाणार असाल तर शनिवारी सातच्या आत निघा, नाहीतर निम्मा दिवस दुबईच्या ट्रॅफिकमध्ये जाईल.

बस सुटण्याआधी माधुरीताई हळदीकुंकू घेऊन प्रत्येक सीटपाशी आल्या. मला कुंकू, वाण, तिळगूळ. शेजारी बसलेल्या आईच्या हातावर नुसता तिळगूळ, आणि त्या पुढे. बाबांना जाऊन दोन वर्षं झालीत.

"मम्मा, व्हाय नॉट आजी?" इराने मोठ्यांदा विचारलं.

"यल्ला, भैया, चलो!" माधुरीताई ड्रायव्हरवर ओरडल्या.

मी इराला खिडकीशी बसवलं. आतून नुसती उकळत होते. परदेशात येताना आपण लोणचं आणतो, कुकरच्या रिंगा आणतो आणि हेही न विसरता आणतो! वाटेत पेट्रोल पंपावर सगळ्यांनी करक चहा घेतला. मला तो गोडही लागेना.

तिकीट साठ दिरहॅम. "म्हणजे चौदाशेच्या वर! दगड बघायला?" आई म्हणाली. पण आत गेल्यावर तीच सगळ्यांच्या पुढे. बोटाएवढ्या एका शिक्क्यावर इनाना उभी होती, एक पाय सिंहावर, बाजूला आठ टोकांची चांदणी. ती चांदणी म्हणजे शुक्र. प्रेमाची देवी तीच आणि युद्धाचीही तीच. गाईड मुलगी बगदादची होती, आणि घरच्या बाईबद्दल सांगावं तसं सांगत होती. इनाना पाताळात उतरते. वाटेत सात दरवाजे. प्रत्येक दारात द्वारपाल तिचं एकेक काढून घेतो. मुकुट, गळ्यातले मणी, हातातलं कडं, शेवटी अंगावरचं वस्त्र. ती विचारते, हे काय? तो म्हणतो, इथला नियम आहे. नंतरच्या काळातल्या कथेत मात्र परतताना दारोदारी तिला सगळं परत मिळतं.

"सो एम्पॉवरिंग ना!" म्हणत माधुरीताईंनी रील काढलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जेवायला उडपी हॉटेलात गेलो. थाळी पंचवीस दिरहॅम, सांबार फर्स्ट क्लास. तिथे त्यांना गाठून विचारलंच. "आईला कुंकू का नाही लावलंत?"

"अगं, माझं काहीच नाही गं. बाकीच्यांना चालत नाही. तू पर्सनली नको ना घेऊस."

बाकीच्या म्हणजे कोण? सगळ्या खाली मान घालून पापड मोडत होत्या. चार हजार वर्षांपूर्वीची देवी यांना चालते, शेजारच्या सीटवरची बाई चालत नाही!

घरी आल्या आल्या मी ग्रुपसाठी सणसणीत मेसेज लिहिला आणि आईला वाचून दाखवला. पहिलीच ओळ होती, माझ्या आईचा मान माधुरीताईंनी काढून घेतला.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "पण बाबा गेले त्या दिवशी माझ्या हातातल्या बांगड्या कोणी काढल्या, आठवतंय?"

आठवत होतं. मोरीत बसून, साबण लावून, मीच काढल्या होत्या.

"कशाला गं, म्हणून मी विचारलं होतं. तू म्हणालीस, आई, लोक बघतायत."

ती मला दोष देत नव्हती. म्हणून तर जास्त लागलं.

मेसेज गेला. फक्त पहिल्या ओळीतलं माधुरीताईंचं नाव खोडून तिथे मी माझं घातलं.